जुना क्षय, नवी गाठ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



जैन परंपरेत आलोचनेला मोठे महत्त्व आहे. गुरूंपुढे काहीही न लपविता सर्व सांगावयाचे असते. रोग हा दोष नव्हे. तरीही तो डॉक्टरांना सांगताना तीच निष्कपटता हवी.

१९४९ साली कल्याणच्या निर्वासित छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले होते. औषधे सर्वत्र पोहोचेपर्यंत छातीत सुईने हवा भरून रोगी फुप्फुसाला विश्रांती देण्याचा उपचार जगभर रूढ होता. त्यानंतर काही रुग्णांच्या फुप्फुसाच्या आवरणात वर्षानुवर्षे पू साचून राहिला. अशा काहींना वीस, चाळीस, क्वचित साठ वर्षांनी त्याच जागी लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग झाला. जपानी डॉक्टरांनी १९८७ साली त्याचे वर्णन केले. दीर्घ दाह आणि एपस्टाईन-बार नावाचा विषाणू यांचा त्याच्याशी संबंध आढळतो.

हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे. क्षय बरा झालेल्यांनी भयभीत होण्याचे कारण नाही. धोका आहे तो गैरसमजाचा. छातीत दुखणे, ताप, वजन घटणे, बरगड्यांवर सूज ही लक्षणे क्षयाचीही असतात. मग ‘जुने दुखणे उलटले’ असे मानून पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने निघून जातात. ती गाठ खरोखर क्षयाची असूही शकते. परंतु निर्णय अंदाजाने नव्हे, गाठीचा तुकडा तपासून, म्हणजे बायोप्सीने व्हावा.

दुसरा अडसर घरातला आहे. मुलामुलींची लग्ने अडतील या भीतीने अनेक कुटुंबांनी क्षय लपविला. जुने कागद गेले, एक्स-रे गेले, आणि उतारवयात डॉक्टरांना अर्धीच हकीकत कळते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील प्रत्येक घराने ज्येष्ठांना एकदा मायेने विचारावे: तरुणपणी क्षय झाला होता का? उपचार कोणते, कोणत्या बाजूला? उत्तर लिहून ठेवावे. नवी गाठ दिसल्यास तो कागद घेऊन विनाविलंब तज्ज्ञांकडे जावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. लोकलने तेथे पोहोचता येते.

औषधदान श्रेष्ठ खरेच. पण रुग्णाला निःसंकोचपणे बोलू देणे हेही अभयदानच होय.

जय जिनेंद्र!