गाणं नेताना गाणाऱ्यांना मागे ठेवू नका
(वृंदगायन शिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



संमेलन नाशिकला आहे, म्हणून इथल्याच एका नावापासून सुरुवात करतो. आपल्यापैकी अनेकजण आज शरणपूर रोडवरून आलात. एकोणिसाव्या शतकात या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात पकडायचं. त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुलं इथे आणली जात, शाळेत बसवली जात, हातचा धंदा शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यसंस्काराची प्रार्थना या नाशिकच्या विद्यार्थ्याने वाचली. एप्रिल १८७४मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांची शवपेटिका नेणाऱ्या मानकऱ्यांतही तो होता.

त्याच दिवसांत अमेरिकेहून आलेली एक गानमंडळी ब्रिटनमध्ये गावोगाव गात होती. बहुतांशी गुलामीतून सुटलेल्या तरुण-तरुणींची ही मंडळी, नाव फिस्क ज्युबिली सिंगर्स. लिव्हिंगस्टनच्या स्मरणार्थ आपल्या फिस्क विद्यालयात पुढे जी इमारत उभी राहिली, तिच्यासाठीही या मंडळींनी गाऊन पैसा जमवला. गुलामीतून सुटलेला एकजण नाशिकहून त्या शवपेटिकेपाशी पोहोचला, आणि तशाच घरांतली दुसरी मुलं अमेरिकेतल्या नॅशव्हिलहून गात निघाली. गाणं समाजापर्यंत नेणं हे आपण आपलं काम मानतो. त्या कामातलं मोठेपण आणि त्यातला धोका, दोन्ही मला या मंडळींकडून शिकायला मिळालं. म्हणून आज त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत फिस्क विद्यालय सुरू झालं. साल १८६६. पुस्तकं घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा गुलामांना विक्रीसाठी डांबून ठेवायच्या जागेत पडलेल्या गंजक्या बेड्या गोळा केल्या, त्या भंगारात विकल्या आणि आलेल्या पैशांतून मुलांसाठी पुस्तकं आणली. तरीही पाच वर्षांत संस्था कर्जात बुडाली. खजिनदार जॉर्ज व्हाइट हेच गाणंही शिकवत. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन ते निधी जमवायला बाहेर पडले. या नवांतले बहुतेक गुलामीत जन्मलेले होते. पियानोवर एला शेपर्ड होती, वय वीस. तिला तिच्या वडिलांनी मोल मोजून सोडवलं होतं. बापाला स्वतःची लेक विकत घ्यावी लागली, हे सांगताना माझा आवाज आजही अडतो.

सुरुवातीच्या कार्यक्रमांत ही मुलं मुख्यतः गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची गाणी गात. मळ्यांवरची, आई-आजीच्या तोंडची गाणी त्यांना येत होती, पण ती ते दार लावून आपसात म्हणत. चारचौघांत म्हणायला मुलं तयार नव्हती. ही गाणी गुलामीशी आणि त्या काळ्या दिवसांशी जोडलेली आहेत, आमच्या आईवडिलांना ती पवित्र होती, अशा अर्थाचं एला शेपर्डने पुढे लिहून ठेवलं आहे.

या नकारापाशी थोडं थांबा. आपण वस्तीत जातो, एखाद्या म्हातारीकडून ओवी किंवा जातिवंत झील असलेलं गाणं टिपून आणतो, चार सुरांत बसवतो आणि स्नेहसंमेलनात टाळ्या घेतो. त्या म्हातारीला ते गाणं लोकांसमोर यावं असं वाटत होतं का, हे आपण विचारलेलं असतं का? फिस्कच्या मुलांनी ती गाणी अखेर सगळ्यांसमोर म्हटली. ती त्यांची स्वतःची गाणी होती, म्हणूनच म्हणण्याचा हक्कही त्यांचा होता. हा हक्क मानणं ही गाणं समाजाकडे नेण्याची पहिली अट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही गाणी रचली कशी गेली, तेही पाहा. अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. त्यामुळे गाणं राहायचं ते पाठांतरात आणि अनेकांच्या गळ्यांत. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी आठवा, म्हणजे त्या गाण्याची ठेवण कळेल. आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. व्हाइट यांची तालीम हळू आवाजाची होती. नऊ गळे कुजबुजीइतके खाली यायचे आणि तरीही शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचा. ज्यांच्या आईवडिलांना रात्री लपून प्रार्थनेला जमावं लागलं, त्यांना हा हळू सूर शिकवावा लागला नसेल, असं मला वाटतं. आपण मात्र समूहगान म्हटलं की मुलांना ओरडायला लावतो.

दौरा सोपा नव्हता. हॉटेलं त्यांना खोली नाकारत. शिकागोला मोठी आग लागल्याची बातमी आली, तेव्हा हाती होते पन्नासपेक्षाही कमी डॉलर. तेही त्यांनी आगग्रस्तांना देऊन टाकले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर आणि राणी व्हिक्टोरियासमोर गाणं झालं, आणि १८७६ साली नॅशव्हिलमध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला. तो आजही उभा आहे. पण या वैभवाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. सततच्या प्रवासाने गाणाऱ्यांच्या प्रकृती ढासळल्या. ज्या शाळेसाठी ते गायले, तिथलं त्यांच्यापैकी अनेकांचं शिक्षण अर्धवट राहिलं. संस्था वाचली, किंमत मुलांनी मोजली. मुलांना घेऊन कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे.

हे सगळं परक्या मुलखातलं आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असं कुणाच्या मनात येईल. ही मंडळी ब्रिटनमध्ये पोहोचली ते साल १८७३. त्याच साली पुण्यात जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. फिस्कमध्ये शिकलेले डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३च्या आपल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात याच गाण्यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिलं. त्याच डुबॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र पाठवलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे, हे त्या पत्रात आहे. संबंध आपल्याच माणसांनी जोडून ठेवला आहे. आपण संगीतवाल्यांनी तो वर्गात नेला नाही, एवढंच.

त्यात मीही आलो. ‘हम होंगे कामयाब’ हे गाणं मी वीस वर्षं मुलांकडून बसवून घेतलं. २६ जानेवारीला, ढोलाच्या ठेक्यावर, पाय आपटत. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुर यांचे, एवढं सांगत असे. पण त्याचं मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायनापर्यंत जातं, १९४५-४६मध्ये चार्ल्सटन शहरातल्या सिगार कारखान्यात संपावर बसलेल्या कामगारांनी, त्यांतही कृष्णवर्णीय बायकांनी, ते धरून ठेवलं, तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर शाळेत पोहोचलं आणि मग नागरी हक्कांच्या चळवळीचं गाणं झालं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. मुलांनी सूर बरोबर लावले. ते कुणाचे सूर लावतात, हे मात्र मी त्यांच्यापासून लपवून ठेवलं. आता लपवणं हाच शब्द मला योग्य वाटतो.

म्हणून अध्यक्ष या नात्याने ठराव मांडत नाही, विनंती करतो. येत्या २६ जानेवारीसाठी आपण बहुतेक सगळे हेच गाणं बसवणार आहोत. पहिल्या तालमीला पेटी उघडू नका. मुलांना गोल बसवा आणि चार्ल्सटनच्या त्या संपकरी बायकांची, एला शेपर्डची, शरणपूरच्या जेकब वेनराइटची हकीकत सांगा. त्या दिवशी गाणं नाही झालं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी ढोल बाजूला ठेवून, हळू आवाजात, पहिली ओळ घ्या.