परक्याची ठेव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या वर्षांत आपण मंदिराची डागडुजी केली, शाळेसाठीं वर्गणी जमविली, वृद्धांचा सत्कार केला. या साऱ्या कार्यांची नोंद स्मरणिकेंत होईलच. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. घर चुकलेलीं व घर गमावलेलीं जनावरें हा तो विषय होय. एवढ्या मोठ्या प्रसंगीं कुत्र्यामांजरांचें काय घेऊन बसलांत, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याला आपली व्यथा बोलून दाखवितां येत नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों, यावरूनच आपल्या दयेची पारख होत असते.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत मोशेनें या विषयीं नियम घालून दिला आहे. भाऊबंदाचा बैल किंवा मेंढरूं भटकतांना दिसलें, तर पाहून न पाहिल्यासारखें करूं नये. तें त्याच्याकडे पोंचवावें. धनी दूर राहत असेल, किंवा तो कोण हें ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या घरीं आणून ठेवावें, आणि तो शोधीत आला म्हणजे त्याच्या हवालीं करावें. निर्गमाच्या २३ व्या अध्यायांत तर शत्रूच्या जनावराविषयींही हेंच कर्तव्य सांगितलें आहे. या नियमाच्या तीन पायऱ्या आहेत: पाहणें, सांभाळणें आणि सोपविणें. पहिली व तिसरी आपणांस सहज पटते. मधली मात्र आपण विसरतों. आणि बहुतेक जीव त्या मधल्या पायरीवरच दगावतात.

ही मधली पायरी लंडन शहरांतील मेरी टीलबी या बाईनें ओळखिली. १८६० सालीं हॉलोवे भागांत तिनें एक आश्रयस्थान काढिलें व त्याला ‘हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांचें तात्पुरतें घर’ अशा अर्थाचें नांव दिलें. माणसें उपाशी असतां कुत्र्यांना घर कसलें, म्हणून वर्तमानपत्रांतून तिची टवाळी झाली. १८६५ सालीं ती वारली. परंतु तें घर बंद पडलें नाहीं. १८७१ सालीं तें बॅटरसी येथें गेलें, १८८३ पासून तेथें मांजरेंही घेऊं लागले, आणि आजही तें चालू आहे. मूळ नांवांतील ‘तात्पुरतें’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. धनी सांपडेपर्यंत किंवा नवें घर मिळेपर्यंत सांभाळ करावयाचा, एवढीच त्या बाईची प्रतिज्ञा होती.

आपल्या मुंबईंतही १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारें मंडळ निघालें, आणि परळचें त्याचें रुग्णालय ‘बैलघोडा’ या नांवानें आपल्या आजोबापणजोबांनाही ठाऊक होतें. परंतु रुग्णालय किंवा आश्रयस्थान कितीही चांगलें असलें, तरी तेथील पिंजरे मोजकेच असतात. दाटी झाली कीं रोग पसरतो. लस न टोंचलेलीं पिल्लें आधीं बळी पडतात. भेदरलेलें जनावर गुरगुरतें किंवा कोपऱ्यांत दडून बसतें, आणि पाहावयास आलेला मनुष्य “हें द्वाड आहे” म्हणून निघून जातो. तेंच जनावर एखाद्या घरीं पंधरा दिवस राहिलें, म्हणजे त्याचा खरा स्वभाव कळतो. तें मुलांशीं कसें वागतें, काय खातें, कशाला भितें, हें नव्या धन्यास सांगतां येतें. शिवाय एक पिंजरा मोकळा होऊन दुसऱ्या जिवाची सोय होते.

आपल्या धर्मग्रामाकडे पाहा. जुनीं बैठीं घरें जाऊन इमारती उठत आहेत. कुटुंबें परगांवीं, परदेशीं जात आहेत. आणि अंगणांत वाढलेला कुत्रा रिकाम्या ओट्यावर धन्याची वाट पाहत बसलेला दिसतो. सबळ कारणावांचून, उपासमार होईल अशा रीतीनें जनावर सोडून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण कायदा बाजूस ठेविला तरी तो विश्वासघात आहेच.

याची दुसरी बाजूही मीं पाहिली आहे. गेल्या नाताळांत फटाक्यांनीं बिथरून आपल्या एका विधवा मावशींचा कुत्रा पळाला. सहाव्या दिवशीं दोन गांवें पलीकडून निरोप आला. तेथील एका कुटुंबानें त्याला पडवींत बांधून खाऊंपिऊं घातलें होतें, आणि पट्ट्यावरच्या पुसट झालेल्या क्रमांकाचे आंकडे जुळवीत चार ठिकाणीं फोन केले होते. तें कुटुंब आपल्या धर्माचें नव्हे, ओळखीचेंही नव्हे. मावशींनीं पैसे देऊं केले, तेव्हां घरच्या बाई म्हणाल्या, “तुमचाच होता हो, आम्ही फक्त ठेवला होता.” मोशेचा सारा नियम त्या माउलीच्या एका वाक्यांत आला.

असें जनावर आपल्या दारीं आल्यास काय करावें? पाठलाग करूं नये. भ्यालेलें जनावर अधिकच पळतें आणि गाडीखालीं सांपडतें. दूर बसून, खाणें पुढें टाकून त्याला आपण होऊन येऊं द्यावें. ज्या कुत्र्याच्या कानाला खाच कापलेली असेल, तो नसबंदी झालेला, त्याच गल्लींतला समजावा. तो बहुधा हरवलेला नसतो, त्यास तेथून हलवूं नये. इतरांस पशुवैद्याकडे न्यावें. कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसविलेली असल्यास यंत्रानें तिचा पंधरा आंकडी क्रमांक वाचतां येतो, आणि धन्यानें नांव नोंदविलें असल्यास त्याचा पत्ता लागतो. छायाचित्र चहूंकडे पाठवावें, पण एखादी खूण मुद्दाम आपल्यापाशीं ठेवावी. मागावयास येणाऱ्यानें ती सांगावी. मांजर हरवलें तर आधीं घराजवळच शोधावें. तें बहुधा जिन्याखालीं किंवा पत्र्यामागें दडलेलें असतें. निजानीज झाल्यावर हळू हांक मारावी.

भूतदयेच्या नांवाखालीं बेफिकिरी मात्र नको. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे रोगी वांचणें जवळजवळ अशक्य होतें. नव्या जनावरास पहिले दोन आठवडे घरच्या जनावरांपासून वेगळें ठेवावें. मांजरीच्या तान्ह्या पिल्लांस गाईचें दूध देऊं नये; त्यानें हगवण लागते. गारठलेल्या पिल्लाला आधीं ऊब द्यावी, मग पशुवैद्य सांगेल तें दूध पाजावें. आणि आठ आठवडे भरण्यापूर्वीं पिल्लूं आईपासून तोडूं नये.

कित्येक भगिनी मला म्हणतात, “फादर, लळा लागतो, मग देववत नाहीं.” खरें आहे. लळा लागलाच पाहिजे. तो लागल्यावांचून भेदरलेलें जनावर माणसावर पुन्हां विश्वास ठेवीत नाहीं. परंतु ठेव कितीही आवडली, तरी ती ठेवच. नवें घर पाहून, चार प्रश्न विचारून, लस व नसबंदीची खात्री करून ती सोपवावी. डोळ्यांत पाणी आलें तर येऊं द्यावें. आपलें घर पुन्हां मोकळें झालें, तरच दारचा पुढचा जीव आंत घेतां येईल. ज्या वृद्धांस दहा वर्षांची जबाबदारी झेपणार नाहीं, त्यांना एक महिन्याची खचित झेपेल. आणि तो महिना त्यांच्या घरालाही सोबत देऊन जाईल.

राहिला टीलबीबाईंना विचारलेला प्रश्न: माणसें उपाशी असतां जनावरें कां? इतक्या वर्षांच्या गृहभेटींत मला एवढेंच दिसलें आहे, कीं ज्या घरानें मुक्या जिवाला कोपरा दिला, त्या घरानें शेजाऱ्याला दार लाविलें नाहीं.

हरवलेल्या वस्तूसाठीं आपण संत अंतोनीचा धांवा करतों. तो करावाच, परंतु त्या वेळीं तें जनावर कोणाच्या तरी दारांत उभें असेल, आणि तें दार आपलेंही असूं शकेल. म्हणून धर्मग्रामाच्या कचेरींत आजपासून एक वही ठेवीत आहों. एका पानावर हरवलेल्या व सांपडलेल्या जनावरांची नोंद होईल. दुसऱ्यावर, पंधरा दिवस किंवा महिनाभर जागा देऊं शकणाऱ्या घरांचीं नांवें. आतांपर्यंत तीन घरांनीं नांवें दिलीं आहेत. पावसाळा तोंडावर आला आहे, आणि भिजलेलीं पिल्लें आपल्या ओट्यांखालीं येण्याचे हेच दिवस. वही बाहेर पडतांना दारापाशीं दिसेल.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.