पुस्तकाची लोकवर्गणी

(होटगी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुस्तक लिहून पूर्ण झाले की लेखकापुढे जो पहिला प्रश्न उभा राहतो तो साहित्याचा नसतो, भांडवलाचा असतो. कागद उधारीवर मिळत नाही, छापखाना आगाऊ रक्कम मागतो, आणि पुस्तक विकले गेलेच तर त्याचे पैसे हाती यायला वर्ष-दीड वर्ष लागते. या मधल्या काळाची जोखीम कोणी पत्करावयाची? गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या प्रश्नाला मराठीत निरनिराळी उत्तरे दिली गेली: राजाश्रय, सरकारी बक्षीस, खासगी प्रकाशक, लेखकाची स्वतःची पुंजी, आणि वाचकांनी आगाऊ दिलेली वर्गणी. यांपैकी शेवटचे उत्तर आज ‘क्राउडफंडिंग’ या नावाने नव्याने मांडले जात आहे. लेखक मोबाईलवरून वाचकांना आवाहन करतो, पुस्तकातील मजकूर थोडा थोडा वाचावयास देतो, दोनशे-तीनशे जणांकडून पैसे आधी गोळा करतो आणि मगच छपाईला हात घालतो. नाव परके आहे, वस्तू परकी नाही. देवळाचा जीर्णोद्धार, गावची शाळा, जत्रेतला तमाशा हे सारे या मुलखात लोकवर्गणीवरच उभे राहिले. तेव्हा लोकवर्गणी करावी की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. ती कोणाच्या हाती असावी आणि तिच्यातून कोणाचे पुस्तक निघावे, हा खरा मुद्दा आहे.

आधी हिशेब पाहू. समजा, पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे. विक्रेता आणि वितरक यांची सूट ४० टक्के धरली तर ८० रुपये तेथेच गेले. लेखकाचे मानधन १० टक्के, म्हणजे २० रुपये. उरलेल्या १०० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, गोदामाचे भाडे, न खपलेल्या प्रतींचा तोटा आणि प्रकाशकाचा नफा बसवावयाचा. आता हेच पुस्तक ३०० वाचकांनी प्रत्येकी १५० रुपये आगाऊ देऊन घेतले असे माना. हाती ४५,००० रुपये येतात. प्रतीमागे ९० रुपये खर्च धरला तर २७,००० रुपये छपाईला जातात आणि १८,००० रुपये, म्हणजे प्रतीमागे ६० रुपये, उरतात. टपाल आणि वेष्टनाला ३० रुपये गेले तरी लेखकाकडे ३० रुपये राहतात. वाचकाचे ५० रुपये वाचले, लेखकाला २० ऐवजी ३० मिळाले, आणि कोणी कोणाला व्याज दिले नाही. हा हिशेब उदाहरणादाखलचा आहे; परंतु त्यातील तत्त्व खोटे नाही. पुस्तकाच्या धंद्यात सर्वांत महाग गोष्ट कागद नसून अनिश्चितता असते. किती प्रती खपतील हे ठाऊक नसल्याने जो तोटा संभवतो, त्याची किंमत प्रत्येक प्रतीवर चढते. वाचकाने आधी शब्द दिला की ती किंमत उतरते.

मात्र त्या वरच्या १० रुपयांसाठी लेखकाने गठ्ठे बांधले, पत्ते लिहिले, टपाल कचेरीत रांग लावली आणि रोज रात्री शंभर जणांना निरोप धाडले, हे विसरून चालणार नाही. ज्याला लोक ‘स्वतंत्र लेखक’ म्हणतात तो पुष्कळदा प्रकाशकाचे, कारकुनाचे आणि हमालाचे काम विनावेतन करणारा माणूस असतो. स्वातंत्र्याचे मोल सांगताना या श्रमाचे मोलही मांडले पाहिजे.

इतिहासाकडे वळले तर या मार्गाचे सामर्थ्य आणि त्यातील खाचखळगे दोन्ही दिसतात. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले, आणि तेथील भट सभासदांमुळे ते नाकारले गेले असे फुल्यांनी पुढे लिहून ठेवले. आश्रयदाता जो विचार मान्य करील तोच विचार छापला जाईल, हा आश्रयाचा नियम त्या एका घटनेत स्पष्ट होतो. त्याच शतकात पंडिता रमाबाईंनी दुसरा रस्ता चोखाळला. १८८२ साली निघालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाची तजवीज केली आणि १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. १८८७ साली अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघाले. गावोगावी व्याख्याने द्यावयाची, पुस्तक श्रोत्यांच्या हाती द्यावयाचे आणि वर्गणीदारांची मंडळे उभारावयाची, हा क्रम त्यांनी तेथे चालविला. त्या वर्षाअखेर बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, दहा वर्षे मदतीचे वचन मिळाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. लेखिकेने वाचकांपर्यंत स्वतः जाणे म्हणजे आत्मप्रौढी, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. रमाबाईंच्या प्रचारामागे एक संस्था उभी करावयाची होती, म्हणून तो प्रचार कोणाला ओशाळवाणा वाटला नाही.

सर्वांत मोठा प्रयोग श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टर झालेल्या या समाजशास्त्रज्ञाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी ना संस्थानिकाचा दरवाजा धरला, ना सरकारच्या अनुदानाची वाट पाहिली. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार नोंदविले, आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड वाचकांच्या हाती दिले. साक्षरता अत्यल्प असलेल्या प्रांतात, परक्या राज्यात, मध्यमवर्गीयांच्या लहान लहान रकमांवर विश्वकोश उभा राहिला, ही घटना मराठी समाजाच्या आर्थिक इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात केतकरांनी त्या खटाटोपाची हकीकत स्वतः लिहून ठेवली. परंतु त्यांची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली आणि १९३७ साली ते वारले, हेही त्याच हकीकतीचे शेवटचे पान होय. भागधारकाला नफा हवा असतो, वर्गणीदाराला खंड हवा असतो, आणि संपादकाला खंड निर्दोष हवा असतो. या तीन अपेक्षा एका माणसाच्या खांद्यावर आल्या की तो माणूस मोडतो. लोकवर्गणीने भांडवलाचा प्रश्न सुटतो, संघटनेचा सुटत नाही, हा त्यातील धडा.

संघटनेच्या दिशेने पुढचे पाऊल १९७० च्या दशकात पडले. दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन आदी पत्रकार-लेखकांच्या पुढाकाराने ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ सुरू झाली. वाचकांनी आगाऊ पैसे भरून सभासद व्हावे, त्यांना पुस्तके सवलतीत मिळावीत, आणि पुस्तकांनीच वाचकांच्या गावी जावे, अशी तिची रीत होती. या रीतीतून १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ बाहेर आले. ‘उपरा’ला १९८१ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दया पवार किंवा लक्ष्मण माने यांच्या नात्यागोत्यात आगाऊ पैसे भरू शकणारे हजार लोक नव्हते. त्यांचे वाचक त्यांना ओळखत नव्हते. त्या वाचकांनी एका चळवळीवर विश्वास टाकला होता, आणि चळवळीने तो विश्वास या लेखकांच्या पदरात घातला.

आजच्या वैयक्तिक लोकवर्गणीत नेमकी ही मधली कडी तुटली आहे. लेखक एकटा वाचकांपुढे उभा राहतो. ज्याचे हजारो ओळखीचे, ज्याचे नाव आधीच झालेले, त्याच्याकडे पैसा धावतो. अमेरिकेत ब्रँडन सँडरसन या लोकप्रिय कादंबरीकाराने मार्च २०२२ मध्ये चार कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टरवरून आवाहन केले, तेव्हा सुमारे १ लाख ८५ हजार वाचकांनी ४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. ही वाचकांची शक्ती खरीच. पण ज्याला सर्वांत कमी गरज होती त्यालाच ती सर्वांत अधिक मिळाली, हेही खरे. बाजाराचा जो नियम दुकानात चालतो तोच वर्गणीच्या यादीतही चालतो. सोलापुरात विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईने आपल्या आयुष्याची कहाणी लिहिली, तर तिच्या मोबाईलवर असलेली नावे तिच्याचसारख्या कष्टकऱ्यांची असणार. तिचे पुस्तक गरजेचे आहे एवढ्याने ते वर्गणीला पात्र ठरत नाही.

मग अशा लेखकाच्या वाट्याला काय येते? पैसे घेऊन पुस्तक छापून देणारा प्रकाशक. हा व्यवहार हल्ली इतका रूढ झाला आहे की त्याची कोणाला लाज वाटेनाशी झाली. शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतो, शेतकरी पिकाचे पैसे देतो, दोन-तीनशे प्रती घरी येऊन पडतात आणि पाहुण्यांना भेट म्हणून वाटल्या जातात. यात प्रकाशकाची जोखीम शून्य, म्हणून विक्रीची इच्छाही शून्य. कामगाराने स्वतःचीच मजुरी स्वतः भरावी आणि माल घरी न्यावा, अशी ही व्यवस्था आहे. तिला प्रकाशन म्हणणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय.

मध्यस्थ नवा असला म्हणून तो भला असतोच असेही नाही. वाचकांच्या आगाऊ पैशांवर पुस्तके काढणारी ‘अनबाउंड’ ही ब्रिटिश कंपनी २०११ साली मोठ्या आशेने निघाली. मार्च २०२५ मध्ये ती प्रशासकाच्या हाती गेली, अनेक लेखकांची येणी थकली, आणि तिच्या जागी आलेली कंपनीही त्याच वर्षी कोसळली. वाचकांनी पुस्तकासाठी दिलेला पैसा आणि कंपनीचा चालू खर्च यांच्यामध्ये भिंत नसली की असे होते. वर्गणी ही ठेव आहे, नफा नव्हे. जोवर पुस्तक वाचकाच्या हाती पडत नाही तोवर तो पैसा वाचकाचाच आहे.

याहून बरा मार्ग आपल्याच देशात दाखविला गेला आहे. १९४५ साली केरळात कोट्टायम येथे बारा लेखकांनी अवघ्या १२० रुपयांच्या भांडवलावर साहित्य प्रवर्तक सहकारी संघ काढला. एम. पी. पॉल आणि कारूर नीलकंठ पिळ्ळै हे त्याचे अध्वर्यू. लेखकच मालक असल्याने मानधनाचा दर त्यांनी ३० टक्क्यांपर्यंत नेला, आणि मल्याळम वाचनसंस्कृतीच्या उभारणीत या संघाचा वाटा मोठा आहे. सहकाराचे पुढारपण मिरविणाऱ्या महाराष्ट्रात साखर सहकारात आली, सूत आले, दूध आले. पुस्तक मात्र त्या जोमाने आले नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला उसाचा दर विचारण्याचा हक्क असतो. लेखकाला आपल्या प्रती किती खपल्या हे विचारण्याचाही संकोच वाटतो, याचे कारण तो सभासद नाही, याचक आहे.

शासनाची जबाबदारीही टळत नाही. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु कागदावर आणि छपाईवर कर आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो कर परत मिळत नाही. तो निमूटपणे किमतीत मुरतो. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने बुकपोस्टाची जुनी सवलत बंद केली. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा दर, कर वेगळा, ठरला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि तीनच महिन्यांच्या आत खेड्यातल्या वाचकाला पुस्तक पाठविण्याची स्वस्त सोय गेली, हा योगायोग बोलका आहे. भाषेचा गौरव राजधानीत होतो. भाषा पोचते ती टपालाने.

होटगीला हे सांगण्याचे कारण आहे. हे जंक्शनचे गाव. येथून एक लोहमार्ग वाडीकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. येथे मराठी आणि कानडी एकाच ओट्यावर बोलल्या जातात. येथील लेखकाने पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाची पायरी झिजवावी किंवा घरचे दागिने मोडावेत, एवढेच दोन पर्याय त्याच्यापुढे असू नयेत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यात बारा हजारांच्या आसपास मान्य ग्रंथालये उभी राहिली. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतील ग्रंथालयांनी, शिक्षक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी मिळून एक वाचक मंडळ काढले, तर वर्षाला चार पुस्तकांची हमी घेणे अशक्य नाही.

त्याचे नियम साधे असावेत. वर्गणीसाठी बँकेत वेगळे खाते असावे आणि त्यावर लेखकाच्या जोडीला दोन वाचकांची सही असावी. छपाईचा खर्च, प्रतींची संख्या आणि उरलेली रक्कम पुस्तकाच्याच शेवटच्या पानावर छापावी. ठरल्या मुदतीत पुस्तक निघाले नाही तर पैसे परत करावेत. चारांपैकी दोन पुस्तके तरी अशा लेखकांची असावीत ज्यांना स्वतःच्या ओळखीवर पन्नास वर्गणीदारही मिळणार नाहीत, आणि त्यांची निवड वाचकांनी हस्तलिखित वाचून करावी. एखादे पुस्तक कानडीतून मराठीत किंवा मराठीतून कानडीत आणलेले असावे. विक्रीसाठी हिंडण्याचा भार लेखकावर एकट्यावर न टाकता मंडळाच्या सभासदांनी वाटून घ्यावा. ज्याने पाच प्रती खपविल्या त्याने चळवळीचे काम केले असे समजावे.

तीनशे सभासदांनी वर्षाला प्रत्येकी सहाशे रुपये, म्हणजे महिन्याला पन्नास रुपये भरले, तर १ लाख ८० हजार रुपये उभे राहतात. वर मांडलेल्या हिशेबाने त्यात चार पुस्तके निघतात, आणि चार लेखकांपैकी एकालाही कर्ज काढावे लागत नाही.