समुद्रात हरपलेले वैमानिक आणि आपले स्मरण



हिर्डोशीसारख्या डोंगरांतल्या गावी समुद्राची गोष्ट काढावी, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. पण वरंध घाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. एक वाट सावित्रीची. ती महाडावरून बाणकोटच्या खाडीत, अरबी समुद्राला मिळते. दुसरी आपल्या निरेची; निरा भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागरात. ज्यांच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत ते ह्याच दोन समुद्रांत गेले. तेव्हा गोष्ट तितकी परकी नाही.

ह्या हिरडस मावळाला स्मरण कसे करावे हे शिकवण्याची गरज नाही. बाजीप्रभू इथले देशपांडे. १६६० साली ते पडले ते दूर विशाळगडाच्या वाटेवर. पण ती खिंड अजून आहे, गडावर समाधी आहे, आणि माणसे तिथवर चालत जातात. आमच्या स्मरणाला नेहमी असा एक दगड लागतो, एक जागा लागते. गावोगावचे वीरगळ पाहा. ज्याने गाईगुरांसाठी जीव दिला त्याचाही दगड वेशीपाशी उभा असतो. मग ज्याची जागाच पाण्याखाली गेली त्याचे काय करायचे?

१९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुखरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. हे पुष्कळांना ठाऊक आहे, आणि दीवला त्यांचे स्मारकही आहे. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, नौदलाचे एक ‘अलिझे’ विमान अरबी समुद्रावर पाकिस्तानी एफ-१०४ विमानाने पाडले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. अलिझे हे तीन माणसांचे, पंख्याचे विमान. पाण्यावर खालून, सावकाश फिरत पाणबुड्या हुडकणे हे त्याचे काम. आणि त्याच्यावर झडप घातली ती आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाने. अशा सामन्यात काय होणार हे सांगायला युद्धशास्त्र नको. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन असे तिघे त्यात होते. तिघेही परत आले नाहीत.

परत आले नाहीत, एवढेच म्हणता येते. इथेच ह्या विषयाचे मर्म आहे. रणभूमीवर पडलेल्याला कोणीतरी पाहिलेले असते. पाण्यावर आदळलेल्या विमानाचे तुकडे होतात, जड भाग तळाला जातो, वर राहतो तो तेलाचा तवंग आणि काही हलक्या वस्तू. वारा एकीकडे नेतो, प्रवाह दुसरीकडे. दर तासाला शोधाचे क्षेत्र वाढत जाते. युद्धकाळ असेल तर शोधणाऱ्यांच्याही जिवाला धोका. मग सरकारी कागदावर शब्द उमटतो, ‘बेपत्ता’. हा शब्द मृत्यूहून हलका दिसतो, पण घरात तो फार जड होऊन बसतो. १९७१ च्या युद्धानंतर परत न आलेल्यांची जी ५४ जणांची यादी सांगितली जाते तीत अशोक रॉय ह्यांचेही नाव आहे. त्याच यादीत आपल्या विजय तांबे ह्यांचे नाव आहे. त्यांचे विमान ५ डिसेंबरला जमिनीवर, शोरकोटकडे पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या; त्यांनी नंतरचे सारे आयुष्य शोधात घालवले. २००७ साली ह्या बेपत्तांचे नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंगही पाहून आले. त्यातून काही हाती लागले नाही.

जमीन कधीकधी उत्तर देते. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर नावाचे तरुण वैमानिक फ्रान्सच्या आकाशात लढत होते. २७ जून १९१८ ला ते बेपत्ता झाले. जर्मनांच्या हाती पडून तीन दिवसांनी जखमांनी वारले. जर्मनांनी पुरले खरे, पण थडग्यावर नाव भलतेच लिहिले. युद्ध संपल्यावर ओळख पटली, आणि आज हांगार येथे त्यांच्या नावाचा दगड आहे. समुद्रात चुकीच्या नावाचे थडगेसुद्धा मिळत नाही. १९३० साली इंग्लंडहून हिंदुस्थानात एकट्याने विमान आणणारे पहिले भारतीय मनमोहन सिंग. ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियातील ब्रूमच्या बंदरात जपानी हल्ला झाला, पाण्यावर उभी असलेली उडत्या नौकांची रांग पेटली, आणि त्यात ते गेले. एवढा मोठा विक्रम करणाऱ्याचे नाव आपल्या किती शाळांतून सांगितले जाते?

समुद्र अगदीच मुका आहे असेही नाही. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले वायुदलाचे एएन-३२ विमान २९ माणसांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले. हा युद्धाचा प्रसंग नव्हे, पण दुःख त्याच जातीचे. त्याचे अवशेष ओळखले गेले २०२४ च्या जानेवारीत, सुमारे ३,४०० मीटर खोल, माणसाविना चालणाऱ्या यंत्राने टिपलेल्या चित्रांवरून. साडेसात वर्षे लागली. कळसूबाईच्या दुपटीहून ही खोली अधिक, म्हणजे मग कल्पना येईल.

आता आपल्या परंपरेकडे पाहू. देह न सापडलेल्यासाठी आपल्याकडे पालाशविधी आहे; पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पण त्याआधी बारा वर्षे वाट पाहावी, असे जुने शास्त्र सांगते. कायदा सात वर्षे थांबतो. आम्हांला ह्या बारा वर्षांत मोठे शहाणपण दिसते. ‘आता तरी मान्य करा’ असे घरच्यांना घाईने सांगणारे शेजारी पुष्कळ असतात. शास्त्राने त्यांचे तोंड बंद केले आहे. समाजाने स्मरण करायला घरच्यांनी आशा सोडण्याची अट घालू नये. ही दोन कामे वेगळी आहेत.

आणि समुद्रातल्या मृत्यूला दगड नाही, असे आपल्या पूर्वजांनी मानले नव्हते. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग आणि समुद्रावरची लढाई कोरली आहे. बहुतेक अभ्यासक तिचा संबंध १२६५ च्या सुमारास यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर ह्यांच्यात झालेल्या युद्धाशी लावतात. लढाई पाण्यावर, दगड गावात. इंग्लंडने १९५३ साली थडगे नसलेल्या वीस हजारांहून अधिक वैमानिकांची नावे कोरली ती रनिमीडला, समुद्रापासून दूर, एका टेकडीवर. म्हणजे डोंगरातल्या गावाने हे काम करू नये असे काही नाही.

आम्ही पुतळा मागत नाही. चौकात पुतळा उभा राहतो, वर्षातून एकदा हार पडतो, आणि उरलेले वर्ष कावळे. आमची सूचना साधी आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला, घातचतुर्दशीला, शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध करण्याची आपली जुनी चाल आहे. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात किंवा देवळापुढे ही नावे वाचावीत. मावळातून लढाईवर गेलेल्यांची, आणि त्यांच्याबरोबर पाण्यात हरपलेल्यांचीही. नावापुढे वर्ष सांगावे, समुद्र सांगावा. ज्यांच्याविषयी निश्चित कळलेले नाही त्यांच्या नावापुढे ‘कैलासवासी’ म्हणू नये, ‘बेपत्ता’ असेच म्हणावे. कोणाच्या घरी अजून वाट पाहणारे माणूस असेल. वाचणारा शाळेतला मुलगा असावा किंवा मुलगी. आणि नावे नीट, पूर्ण वाचावीत. विजयन ह्यांचे नाव अधिकाऱ्यांच्या मागून घाईघाईने उरकू नये.