लेकरू ठेवून घ्या



मुलांना वळण कसे लावावे, या विषयाला श्रोते कधी कमी पडत नाहीत. व्याख्यान संपले की आईबाप भोवती जमतात. मुलगा जेवत नाही, ऐकत नाही, अभ्यासाला बसत नाही. काय करावे, असे विचारतात. प्रश्न खरे आहेत, आणि विचारण्यात काही कमीपणाही नाही. पण आज आपण बिंदुसरेच्या धरणाजवळ, पालीत जमलो आहोत, आणि आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो आईबापांचा प्रश्न याहून निराळा आहे. ते उपदेश मागत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते शाळेच्या दाराशी येतात आणि म्हणतात, "गुरुजी, आमी येईस्तोवर लेकराकडं ध्यान ठिवा."

याच पालीत इन्फंट इंडिया या संस्थेने एचआयव्हीबाधित मुलांसाठी घर उभारले आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. मी बोलणार आहे ते निराळ्या मुलांविषयी. त्यांचे आईबाप हयात आहेत, त्यांच्यावर जीव टाकतात, आणि तरी वर्षातले पाच-सहा महिने त्यांच्याजवळ नसतात.

ऊसतोडीचा व्यवहार आपल्याला नवा नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि ती फिटेपर्यंत फडात राबायचे. मोजणी माणसांची होत नाही, कोयत्याची होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाप जाईल आणि आई मुलांजवळ राहील, ही सोय या व्यवहारात ठेवलेलीच नाही. तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे. गाडी रात्री कधीही आली तरी उठायचे. अशा ठिकाणी तान्हे मूल पाचटावर निजवलेले असते. त्याला सांभाळायला कोण? आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. म्हणजे एका लेकराच्या संगोपनाची किंमत दुसरे लेकरू आपल्या शाळेने चुकती करते.

ही गोष्ट ताराबाई मोडकांनी फार पूर्वी ओळखली होती. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे काम सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम करताना पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटे भावंड पाळण्यात ठेवले तरच थोरलीचे हात पाटीसाठी मोकळे होतील, असा त्यामागचा साधा हिशेब होता. आपण बालशिक्षणाच्या गोष्टी करतो तेव्हा खेळणी आणि गाणी आठवतात. हा पाळणा मात्र विसरतो.

फडावरील मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु टोळी आज या फडात तर उद्या दुसऱ्या, आणि मूल शेवटी कोपीवरच. त्यापेक्षा आपल्या गावी, आपल्या शाळेत, आपल्या आजीजवळ मूल राहावे, ही हंगामी वसतिगृहाची कल्पना मला अधिक शहाणपणाची वाटते. शाळा व्यवस्थापन समितीने गावातच दोन वेळचे जेवण शिजवायचे. मुलाने शाळा करावी, तेथे जेवावे, आणि पुष्कळ ठिकाणी झोपायला आजीकडे जावे. आजीचे गुडघे दुखतात, तिला चूल सोसत नाही. पण नातवाला कुशीत घेणे सोसते. जे तिला जमत नाही तेवढेच गावाने उचलायचे. मात्र ही पंगत कोयते निघण्याआधी बसली पाहिजे. मंजुरी, धान्य, स्वयंपाकीण यांत महिना गेला, तर तोपर्यंत मूल गाडीत बसून निघून गेलेले असते. २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने तालुकावार वसतिगृहांची योजना केली, तीही हवीच. परंतु सहा वर्षांच्या पोराला तालुक्याला धाडायला आईचे मन धजत नाही.

आता जे बोलायला अवघड तेही बोलतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आईबापांची मागणी बदलते. तिला कोपीवर नेणे भयाचे, आणि म्हाताऱ्या सासूच्या भरवशावर ठेवणेही भयाचे. ते चुलत्याला विचारतात, मामाला विचारतात. कोणी जोखीम घेत नाही. मग एक स्थळ येते, आणि त्या स्थळाने सगळ्यांची सुटका होते. नवी जोडी जमली की नवा कोयता होतो, त्यालाही उचल मिळते. २००६ च्या कायद्याने हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. परंतु लग्नाच्या मांडवात पोलीस पाठवण्यापूर्वी, दिवाळीआधी त्या आईने कोणाकोणाला "पोरीला ठेवून घ्या" असे विचारले होते, याचीही चौकशी व्हावी. आपल्या जिल्ह्यातील अनेक बालविवाहांच्या मुळाशी, उत्तर न मिळालेली अशी एक विनंती असते.

शहरातील आपण मंडळी पाळणाघराला पैसे देतो, शिकवणी लावतो, आजीला बोलावून घेतो, आणि त्याला व्यवस्था म्हणतो. कोयत्यावरच्या बाईने तेच शेजारणीकडे मागितले की तिला बेफिकीर ठरवतो!

हे चैत्राचे दिवस आहेत. गाड्या परतल्या आहेत, माणसे घरी आहेत. कोणाचे मूल कोणापाशी राहणार, मुलींच्या झोपण्याची सोय कोणाच्या घरी, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेणार, ही यादी आताच बसून करता येईल. आईबापांना समोर बसवून, त्यांना विचारून. त्यांना विचारले म्हणजे आपल्या ध्यानी न आलेल्या गोष्टीही निघतात. उदाहरणार्थ, फोन. वसतिगृहात संध्याकाळी सात ते आठ अशी बोलण्याची वेळ ठरवणे आपल्याला शिस्तीचे वाटते. पण सातला आई गाडी भरत असते. तिला सवड होईल तेव्हा ती फोन करील. मूल झोपले असले तरी त्याला उठवून तिच्याशी बोलू द्यावे.