गावाचे चित्र गावाने पाहावे
(केंद्रसंमेलनातील भाषण)

चित्रप्रदर्शन म्हटले की दोन डोंगर, मधे सूर्य आणि कडेला नारळ, हेच चित्र आपण भिंतीवर लावतो. मीही शिक्षक असताना तेच केले. प्रदर्शन पाहून एका आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, आपल्या गावात नारळ कुठे आहे?" मी निरुत्तर झालो.

उत्तर मिळाले ते पुढे पालघरकडील वारली पाड्यांवर. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक ठेचलेली बांबूची काडी, एवढेच तेथील साहित्य. लग्नाच्या चौकाभोवती स्त्रिया काढतात ती झाडे, पाखरे त्यांच्याच परिसरातील असतात. ही कला कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

म्हणून यंदा मुलांना प्रथम शिवारात न्यावे. पाहिलेले झाड, ओढा, पाखरू त्यांनी काढावे. वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्वी होते व आज नाही, तेही काढावे. आटलेला झरा, तोडलेला आंबा. एका भिंतीवर 'आहे', दुसरीवर 'होते' अशी मांडणी करावी. चित्रांना क्रमांक देऊ नयेत. प्रदर्शन ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर भरवावे. दुसऱ्या भिंतीपुढे वृद्ध माणसे थांबतील, आठवणी सांगतील. त्या मुलांनी वहीत उतरवून घ्याव्यात.

मग पावसाळ्यात 'होते'मधील एक झाड तरी गावाने पुन्हा लावावे आणि त्याच्या राखणीचे काम मुलांकडे सोपवावे, एवढीच माझी विनंती आहे.