कवचाची साक्ष

समुद्रतळावरचा चिमूटभर गाळ धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की वाळूच्या कणाएवढी सुबक कवचे दिसतात. ती फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची. जीव मेला की पेशी कुजते आणि मागे कवच तेवढे उरते. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या जीवांची वर्गवारी लावायची, तर कवचावाचून दुसरा आधार नाही. पण त्यातले नेमके काय पाहायचे? फ्रान्सच्या आल्सीद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये कप्प्यांची मांडणी पाहिली आणि नॉटिलस या मृदुकाय सागरी प्राण्याच्या शंखातही कप्पे असतात म्हणून या जीवांना त्याच्याच वर्गात बसवले. फेलिक्स द्युजार्दँ यांनी जिवंत नमुने तपासले, तेव्हा आत एकही अवयव आढळला नाही. होते फक्त पेशीद्रव्य. १८३५ मध्ये ती समजूत मोडली.

पुढे अभ्यासकांचे लक्ष कवचाच्या भिंतीकडे वळले, आणि ते रास्तच होते. आकार दूरदूरच्या कुळांतही सारखा निघू शकतो. भिंत बांधण्याची रीत मात्र सहसा बदलत नाही, असा त्यांचा विचार. काही जीव वाळूचे कण चिकटवून भिंत उभारतात. मिलिओलिड गटात कॅल्साइटच्या अतिसूक्ष्म सुया वेड्यावाकड्या पडलेल्या असतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि कवच चिनी मातीसारखे पांढरे दिसते. आणखी काहींची भिंत काचेसारखी पारदर्शक आणि बारीक छिद्रांनी भरलेली. लोब्लिक आणि टॅपन या अमेरिकन दांपत्याने १९६४ मध्ये मांडलेले वर्गीकरण मुख्यतः भिंतीवरच उभे आहे.

यावर आक्षेप येतो, की जनुकांच्या अभ्यासाने हा पायाच डळमळला. वाळू चिकटवणारे अनेक जीव काचेसारख्या भिंतीच्या जीवांचे जवळचे आप्त निघाले. हे खरे आहे. पण २०१३ मध्ये जनुकांच्या आधारे जे नवे वर्ग मांडले गेले, त्यांतल्या बहुकप्पी जीवांच्या दोन मोठ्या वर्गांची ओळख कप्प्यांच्या आकारातच सापडली: एकाचे कप्पे गोलसर, दुसऱ्याचे नळीसारखे. कप्पे हाही कवचाचाच भाग. दुसरे उदाहरण निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा या फोरॅमिनिफेरा जातीचे. थंड पाण्यात तिच्या कवचाची वळणे बहुधा डावीकडे, उबदार पाण्यात उजवीकडे. तपमानामुळे एकच जात असे रूप बदलते, असे मानले जाई. जनुके तपासल्यावर २००६ मध्ये त्या दोन वेगळ्या जाती ठरल्या. कवच हा भेद आधीपासून सांगत होते. आपण त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

म्हणून जनुकांनी कवचाची साक्ष खोटी ठरवली, असे मला वाटत नाही. तिच्यातल्या एकाच लक्षणावर सारी भिस्त ठेवू नये, हे त्यांनी शिकवले. शिवाय कोट्यवधी वर्षांच्या खडकात जनुके टिकत नाहीत. तेलविहिरीतून वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात मोठे शंख भुगा होतात, ही कवचे मात्र शाबूत राहतात आणि थराचे वय सांगतात. भिंत, कप्पे, छिद्रे, वळण ही लक्षणे एकत्र ताडून पाहणे हाच कवचांच्या वाचनाचा खात्रीचा मार्ग आहे.